तेवीस किलो

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी माझ्या मुलीची उंची मोजत असे, आणि ती वाढलेली नसली की मला बरे वाटत असे. स्वयंपाकघराच्या चौकटीला तिने पाठ टेकायची, मी तिच्या डोक्यावर पट्टी आडवी धरायची आणि पेन्सिलीने बारीक रेघ ओढायची. नवी रेघ जुन्या रेघेवरच पडली, तर त्या दुपारी मला शांत झोप लागे. हे लिहिताना मला लाज वाटते; परंतु लाज वाटते म्हणून ते वगळले, तर पुढचे काहीच खरे ठरणार नाही.

मी देवळाली प्रवऱ्याच्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. आमच्याकडे शिकवण्याचा व्यवसाय तीन पिढ्यांचा आहे. मुलगी आम्हाला उशिरा झाली. तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांचा होतो. तिच्या हृदयाच्या मधल्या पडद्याला जन्मतःच छिद्र होते आणि फुफ्फुसाकडे रक्त नेणारी वाट अरुंद होती. दीड वर्षाची असताना पुण्याला शस्त्रक्रिया करून छिद्र बुजवले, वाट मोकळी केली. पण मोकळ्या केलेल्या त्या वाटेला दार उरले नव्हते. पुढे गेलेले रक्त मागे परतत असे. म्हणून सहाव्या वर्षी छाती दुसऱ्यांदा उघडून तिथे एक तयार झडप बसवली.

त्या शस्त्रक्रियेनंतर सर्जनांनी मला खोलीत बोलावले. मुलीची आई तिच्या उशाशी बसली होती, म्हणून मी एकटाच गेलो.

“झडप छान बसली आहे, सर,” ते म्हणाले. “पण ती आहे तेवढीच राहणार. मुलगी मात्र वाढणार. तिच्या अंगाला झडप कमी पडू लागली की बदलावी लागेल.”

“म्हणजे पुन्हा छाती उघडायची?”

“हो.”

“कधी?”

“ते तिच्या वाढीवर आहे.”

एवढेच बोलणे झाले. त्यात आहाराचा शब्द नव्हता. बाहेर येईपर्यंतच्या वीस पावलांत मी त्या चार शब्दांचे उदाहरण मांडले आणि सोडवलेही. वाढ जितकी जलद, तितकी शस्त्रक्रिया जवळ. वाढ जितकी मंद, तितकी ती लांब. शस्त्रक्रियेनंतर नळ्यांमध्ये गुंडाळलेले ते लहानसे शरीर मी दोनदा पाहिले होते. तिसऱ्यांदा पाहण्याचे बळ माझ्यात नव्हते. पुढे जे केले त्याला मी पुष्कळ दिवस काळजी म्हणत राहिलो. ती भीती होती, आणि मुलीपेक्षा माझीच अधिक होती.

“काय म्हणाले?” पत्नीने विचारले.

“झडप छान बसली आहे म्हणाले. आहार हलका ठेवायचा. तूप, दूध, लाडू असले जड काही नको. हृदयावर ताण येतो.”

तिने मान डोलावली. डॉक्टरांशी इंग्रजीत बोलणारा घरात मी एकटा होतो. माझ्यावर अविश्वास ठेवण्याचे तिला कारण नव्हते. अकोल्याच्या माहेराहून येणारा तुपाचा डबा त्या वर्षीपासून तसाच परत जाऊ लागला.

मी मुलीला उपाशी ठेवले नाही. दोन्ही वेळ वरण-भात, पोळी-भाजी तिच्या ताटात असे. फक्त दुसऱ्यांदा वाढायला आई पुढे झाली की मी म्हणे, “बास, बास, तिला झेपायचं नाही.”

आमच्या घरामागे एका शेतकरी कुटुंबाची वस्ती आहे. ऊस, कांदा, चार म्हशी आणि अंगणभर कोंबड्या. तिथल्या काकू वयाने माझ्याहून मोठ्या. आमच्याकडे येताना त्या रिकाम्या हाताने कधी येत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर मुलीला पाहायला आल्या त्या पदरात अंडी बांधूनच.

“सर, गावरान हायेत. पोरीला रोज एक उकडून द्या. अंगात रग यील.”

“काकू, आमच्याकडे अंडे चालत नाही.”

“औषध म्हनून द्या की. देवाला कळतंय औषध कोनतं ते.”

“नको. घरात रीत नाही.”

त्या अंडी घेऊन परत गेल्या. मुलीची आई तेव्हा माझ्याकडे आदराने पाहत होती, हे मला नीट आठवते. नगरला वसतिगृहात शिकत असताना मी स्वतः दर रविवारी ऑम्लेट खात असे. हे घरात कोणाला ठाऊक नव्हते. वाडवडिलांची रीत मी त्या दिवशी पाळली नाही. मी तिच्या आड उभा राहिलो.

साडेतीन वर्षे अशी गेली. मुलगी पाचवीत माझ्याच शाळेत आली. आमच्याकडे प्रार्थनेच्या रांगा उंचीप्रमाणे लागतात. ती पहिली उभी राही, आणि तिच्यामागची मुलगी तिच्यापेक्षा वीतभर उंच असे. ते पाहून सहकारी हळहळत. मी मनात म्हणे, चालले आहे ते ठीक चालले आहे.

दर सहा महिन्यांनी पुण्यात तिच्या हृदयाची तपासणी होई. सर्जनांनी आम्हाला तिथल्याच बालहृदयरोगतज्ज्ञ बाईंकडे सोपवले होते. पण त्यांच्याकडची गर्दी पाहून मी दर वेळी रिपोर्ट तेवढा घेऊन निघे, त्यांना भेटत नसे. पाचवीतल्या त्या तपासणीला मात्र त्यांनीच थांबायला सांगितले, आणि पत्नीही आत आली. डॉक्टरांनी फाईलमधला वाढीचा तक्ता काढला आणि वजनाचे टिंब मांडून आमच्यासमोर धरला. आलेख वाचायला मला कोणी शिकवावे लागत नाही. सहाव्या वर्षापर्यंत चढत आलेली रेषा तिथून पुढे जवळजवळ आडवी पडली होती.

“इथं काय झालं?” त्यांनी त्या ठिकाणी पेन टेकवले. “काही मोठं आजारपण?”

“नाही,” मी म्हणालो.

“खाते काय ही?”

उत्तर मुलीच्या आईने दिले. “तुम्ही सांगितलंत तसंच सगळं हलकं. तूप-दूध आम्ही बंदच केलंय. हृदयावर ताण नको म्हणून.”

“मी सांगितलं?”

“तुम्ही नाही, ते सर्जन.”

“आमच्याकडे असं कोणीच सांगत नाही,” त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहू लागल्या. पत्नीही पाहू लागली. मुलगी खुर्चीच्या दांडीवर बोट फिरवत होती.

मी म्हणालो, “ते मी सांगितलं. झडप लवकर लहान पडू नये म्हणून.”

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर माझे काम सोपे झाले असते. त्यांनी पेन खाली ठेवले आणि समजावून सांगितले, जसे मी वर्गात एखाद्या चुकलेल्या विद्यार्थ्याला सांगतो. झडप केवळ मूल वाढते म्हणून निकामी होत नाही. ती जनावराच्या ऊतीची असते आणि मुलांच्या अंगात ती मोठ्या माणसांपेक्षा लवकर कडक होते. मूल वाढो वा न वाढो. हिचीही कडक होऊ लागली होती. म्हणजे जे पुढे ढकलण्यासाठी मी मुलीच्या ताटातले काढून घेतले, ते आपल्या गतीने येतच होते.

“आता नव्या प्रकारची एक झडप आली आहे,” त्या म्हणाल्या. “जाळीच्या चौकटीत बसवलेली. मूल वाढलं की पायाच्या शिरेतून फुगा नेऊन ती आतल्या आत रुंद करता येते. बसवताना एकदा छाती उघडावी लागेल, पुढे रुंद करायला नाही. अजून थोड्याच मुलांना बसवली आहे, अभ्यासाचा भाग म्हणून. ती किती वर्षं साथ देईल हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण हिच्यासाठी ती योग्य वाटते.”

“मग बसवा ना,” पत्नी म्हणाली.

“लहानात लहान चौकट मावायला तिची रक्तवाहिनी तेवढी हवी. अभ्यासाची अट आहे, वजन किमान तेवीस किलो. हिचं एकोणीस आहे.” त्यांनी रिपोर्ट पुन्हा पाहिला. “सध्याची झडप साधारण वर्षभर निभावेल. तेवढ्यात झालं तर उत्तम. नाही झालं तर पुन्हा जुन्याच प्रकारची बसवावी लागेल, आणि चार-पाच वर्षांनी परत हेच.”

परतीच्या एस.टी.त मुलगी आईच्या मांडीवर झोपली होती. शिरूर गेले, सुपे गेले. पत्नी खिडकीबाहेर पाहत होती. केडगावला गाडी थांबली, माणसे उतरू लागली, तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

“तुम्ही माझ्याशी खोटं बोललात.”

“हो.”

“चार वर्षं.”

साडेतीन, असे माझ्या ओठांवर आले आणि मी ते गिळले.

“माझ्या हातानं तिच्या ताटातलं काढायला लावलंत,” ती म्हणाली. “आता काय करायचं ते मला सांगू नका. मी सांगेन, तुम्ही करायचं. आणि यापुढे डॉक्टरांकडे आत मी येणार. प्रत्येक वेळी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकूंच्या वस्तीवर गेलो. त्या म्हशींना वैरण टाकत होत्या.

“काकू, अंडी हवी होती. रोज दोन.”

त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली. “का वं सर? तुमच्या देवानं परवानगी दिली व्हय?”

“चूक देवाची नव्हती, माझीच होती.” आणि मी त्यांना सगळे सांगितले. गोठ्याच्या दारात उभा राहून, वैरणीच्या वासात, मी आयुष्यात प्रथमच कोणाला तरी स्वतःहून काही कबूल करत होतो.

ऐकून झाल्यावर त्यांनी खाली ठेवलेली पेंढी म्हशीपुढे टाकली. मग म्हणाल्या, “आमी अडानी मानसं. पन वासरू वाडंना तर आमी त्याची आई बगतो, दूध बगतो. तुमी पट्टी घिऊन बसला.” टोपलीतून दोन अंडी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. “उद्यापासनं सातच्या आत या. मागनं हाटेलवाला नेतो. आन कच्चं ठिवू नका.”

स्वयंपाकघरात अंडे शिजवणे पत्नीला मान्य नव्हते. “माझ्या ओट्यावर नको,” ती म्हणाली. “पण तिला मिळालं पाहिजे.” मी मागच्या पडवीत जुना रॉकेलचा स्टोव्ह मांडला. पन्नाशी उलटलेला मी तिथे पाटावर बसून पातेल्यातले पाणी उकळण्याची वाट पाहू लागलो. पहिल्या आठवड्यात निम्मी अंडी पातेल्यातच फुटली. मुलगी दारात उभी राहून म्हणाली, “बाबा, तुम्ही नापास.”

पण ती खात नव्हती. दोन घास घेई आणि पोट भरले म्हणून उठे. महिन्याने शाळेच्या काट्यावर तिला उभे केले, तर एकोणीसवरचा काटा हललाही नव्हता. त्याच आठवड्यात तिच्या वर्गशिक्षिका मला म्हणाल्या, “सर, तुमची मुलगी फार उदार आहे हो. लाडवाचा डबा रोज मैत्रिणींना वाटते.”

घरी येऊन मी तिला समोर बसवले. रागावलो नाही, तो हक्क मी गमावला होता.

“का वाटतेस?”

तिने आधी आईकडे पाहिले. मग हळू म्हणाली, “वाढले तर परत कापतील ना.”

“हे तुला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. तुम्ही बास म्हणायचात, आणि मग मोजायचात.” मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली. “मोजताना मी गुडघे थोडे वाकवायचे.”

“का?”

“तुम्हाला बरं वाटायचं म्हणून.”

चौकटीवरच्या रेघा खोट्या होत्या तर. माझी भीती मी तिच्यापासून लपवली आहे, या समजात मी राहिलो. आणि सहा-सात वर्षांच्या मुलीने ती ओळखून स्वतःच्या अंगावर घेतली होती, आपल्या परीने माझा सांभाळ चालवला होता. मी तिला सांगितले की आहाराचे डॉक्टर म्हणाले नव्हते, बाबा म्हणाले होते. बाबांचे चुकले होते. न वाढल्याने झडप वाचली नाही. तिने ऐकून घेतले. पण विश्वास बसल्यासारखा दिसला नाही. माझ्या शब्दांवर तो का बसावा?

तेव्हा तिची आई उठली आणि कपाटातून एक लहानशी पुरचुंडी घेऊन आली. तीत चांदीचे वाळे होते, बारशाला अकोल्याहून आलेले. अंगठ्याहून थोडे मोठे, दोन्ही टोके उघडी.

“हे तुझ्या पायात होते,” ती म्हणाली. “तू बाळ होतीस, तुझे पाय भरत गेले. मी दर महिन्याला ही टोकं हातानं अशी जराशी फाकवायचे. वाळे मोडले नाहीत, नवे केले नाहीत. तेच दोन वर्षं वापरले. नवी झडप अशी आहे. तू वाढायचंस, ती फाकवायची.”

मुलीने वाळा हातात घेऊन टोके दाबून पाहिली. “ती कोण फाकवणार? तुझा हात कसा जाईल आत?”

“डॉक्टर फुगा घालतात. पायातनं.”

“फुगा? कोणत्या रंगाचा?”

“ते बाबांना विचार. त्यांना डॉक्टरांपेक्षा जास्त कळतं.”

मुलगी हसली. मीही हसलो, कारण त्या घरात हसण्याची पाळी पुन्हा आली होती आणि टोमणा माझ्या योग्यतेचाच होता. त्या रात्री जेवताना तिने स्वतःहून ताट पुढे केले आणि आईने त्यात तुपाची धार सोडली.

त्यानंतरचे महिने मी दुसरे काही केले असे मला आठवत नाही. सकाळी सातच्या आत अंडी. शाळेत मधल्या सुट्टीत तिच्या वर्गाबाहेर मी उभा राही; डबा संपेपर्यंत हलत नसे. दुपारी शेंगदाण्याचा लाडू, संध्याकाळी काकूंच्या म्हशीचे दूध, रात्री बाजरीची भाकरी आणि तूप. दर सोमवारी शाळेचा काटा. वजन वीसवर गेले, एकवीसवर आले. श्रावणात तिला ताप आला आणि एक किलो आठ दिवसांत उतरले. मुलगी रडली. आई म्हणाली, “रडून घे, मग भात खा.” पुण्याच्या पुढच्या तपासणीत झडप आणखी आकसलेली दिसली. जिना चढताना मुलगी मध्येच थांबू लागली. डॉक्टरांनी संक्रांतीपर्यंतची मुदत दिली. पत्नी आता आत येत असे, आणि डॉक्टरांनी सांगितलेले प्रत्येक वाक्य त्यांच्याकडून मराठीत पुन्हा वदवून घेत असे. तेव्हा मी शेजारी गप्प बसे.

एकदा परीक्षेच्या कामाने मला पहाटेच निघावे लागले. दुपारी परतलो तर पडवीतला स्टोव्ह थंड होता आणि ओट्याशेजारी टरफले पडली होती.

“तुमच्याकडून कच्चं राहतं,” पत्नी म्हणाली.

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात आम्ही पुण्याला गेलो. परिचारिकेने मुलीला काट्यावर उभे केले. आकडा थांबला बावीस किलो नऊशेवर.

“तेवीसच लिहिते, सर,” ती चांगल्या मनाने म्हणाली. “शंभर ग्रॅमनं काय होतंय?”

“नको, सिस्टर. आहे तेच लिहा.”

पत्नीने माझ्याकडे चमकून पाहिले. मला वाटले, ती म्हणेल की आताच कुठून आठवला खरेपणा. तिने मुलीचा हात धरून तिला काट्यावरून उतरवले. डॉक्टरांनी तपासणी केली, रक्तवाहिनीचे माप घेतले आणि मुलीच्या गालावर हलकी टिचकी मारली.

“माप चांगलं आलंय. पंधरा दिवसांनी दाखल व्हायला या. शंभर ग्रॅम तेवढं घेऊन या बरोबर.”

ती दोनशे घेऊन गेली. मकर संक्रांतीच्या तिळाच्या वड्यांचा त्यात मोठा वाटा होता.

शस्त्रक्रियेच्या दिवशी आम्ही दोघे सकाळपासून एकाच बाकावर बसलो होतो. नळ्यांमध्ये गुंडाळलेले ते शरीर मी तिसऱ्यांदा पाहिले. ज्या दृश्याला भिऊन मी तिला साडेतीन वर्षे लहान ठेवले, ते दृश्य मी उभे राहून, डोळे न मिटता पाहिले. ते सोसता येते. मला फक्त तेवढेच आधी ठाऊक असायला हवे होते.

आज ती तेरा वर्षांची आहे. प्रार्थनेच्या रांगेत मधे कुठेतरी असते, शोधावी लागते. नवी झडप पुढे किती वर्षे साथ देईल हे अजूनही कोणी सांगू शकत नाही, आणि मी त्याचे उदाहरण मांडत नाही. मुलीने मला क्षमा केली आहे का, हे मी तिला विचारलेले नाही. विचारले तर ती हो म्हणेल, मला बरे वाटावे म्हणून. ते ओझे तिच्यावर पुन्हा टाकायचे नाही, एवढे मी ठरवले आहे.

मागच्या आठवड्यात तपासणी झाली. झडप ठीक आहे, पण मुलीला ती आता घट्ट होऊ लागली आहे. पुढच्या महिन्यात ती पहिल्यांदा रुंद करायची. दोन-तीन दिवस दवाखान्यात राहावे लागेल. काल मी रजेचा अर्ज लिहून मुख्याध्यापकांकडे दिला. ते माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत आणि कागद नीट वाचतात.

“सर, कारणाच्या रकान्यात हे काय लिहिलंय? ‘मुलगी वाढली आहे.’”

“खरं कारण तेच आहे.”

“अहो, मुली वाढतातच. त्याला कोणी रजा घेतं का? वैद्यकीय कारण असं लिहा ना.”

“तेही पुढे लिहितो,” मी म्हणालो. “पण हे खोडत नाही.”

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, चष्मा सारखा केला आणि सही केली.